अकरा हुद्दे आणि एक सोळा

उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे जे शौकीन आहेत, त्यांच्यात अमुक क्रमांकाची जर्सी घालणाऱ्यांमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि त्या वादाला तेथे अर्थही आहे. कारण क्रमांक हा तेथे खेळाडूच्या नावाइतकाच त्याच्या मालकीचा मानला जातो. चार म्हटले की बॉबी ऑर, नऊ म्हटले की गॉर्डी हाउ किंवा मॉरिस रिशार, आणि नव्व्याण्णव म्हटले की वेन ग्रेट्स्की यांच्यावाचून दुसरे नाव घेण्याचे कोणास धाडस होत नाही. टोरांटोच्या संघाने एस बेली या जायबंदी खेळाडूचा सहा हा क्रमांक १९३४ सालीच त्याच्या सन्मानार्थ बाजूला ठेवला, आणि २००० साली तर ग्रेट्स्की यांचा नव्व्याण्णव त्यांच्या एका संघापुरता नव्हे, तर साऱ्या लीगमधून कायमचा उठवण्यात आला.

हाच प्रश्न आपल्या मैदानी हॉकीला विचारून पाहिला, तर आरंभीच एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते, ती ही की, ज्या पुरुषाला या खेळातील सर्वश्रेष्ठ म्हणून अवघे जग मानते, त्या मेजर ध्यानचंदांच्या नावाशी कोणताही आकडा जोडलेला नाही. त्यांचा जन्मदिवस २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडा दिन झाला, देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार २०२१ पासून त्यांच्या नावाने दिला जाऊ लागला. परंतु त्यांचा क्रमांक कोणता, असे आजवर कोणी कोणास विचारले नाही. याचे कारण विस्मरण नव्हे. आपल्या हॉकीत क्रमांक हा मुळी व्यक्तीचा नव्हताच. तो जागेचा होता. निजामाच्या अमदानीत नांदेडास अव्वल तालुकदाराची जशी एक मुक्रर खुर्ची असे, तिच्यावर बसणारे बदलत, बढती मिळून जात, बरतर्फही होत, परंतु खुर्चीचा अधिकार आणि तिच्याकडून अपेक्षिलेले काम मात्र दप्तरात कायम राही, तसेच सेंटर हाफ, राइट इन, लेफ्ट आउट हे हुद्दे होते. म्हणून आपला वाद मांडायचा तो हुद्द्यांवरून मांडला पाहिजे. आणि माझे तर असे स्पष्ट मत आहे की, तो तसा मांडला असता अमेरिकेतील वादाहून अधिक सकस होतो, कारण त्यात केवळ गुणांची नव्हे तर कर्तव्याचीही तुलना होते.

अर्धापुरात बसून हॉकीविषयी लिहावे, याचे दूरच्या वाचकाला कदाचित नवल वाटेल. केळीच्या बागांचे हे गाव नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि या रस्त्याच्या दक्षिणेकडील टोकाला गोदावरीच्या काठी सचखंड श्री हुजूर साहिब आहे, जेथे १७०८ साली गुरु गोविंदसिंहांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंहांच्या साहाय्याने तेथील मंदिराचे बांधकाम झाले, त्याच सुमारास, म्हणजे १८३२ च्या आगेमागे, राजा चंदुलाल यांच्या कारभारात लाहोरहून शिखांची फौज हैदराबाद राज्यात आली, आणि तिच्या वंशजांची घरे या मुलखात रुजली. पंजाबशी असलेला हा ऋणानुबंध पुढे यात्रेकरूंनी आणि अमृतसरपर्यंत धावणाऱ्या आगगाडीने जिवंत ठेवला. आणि त्याच वाटेने हॉकीही आली. गुरु गोविंदसिंहांच्या जयंतीच्या सुमारास नांदेडच्या खालसा हायस्कूलच्या मैदानावर त्यांच्या नावाने सुवर्ण व रौप्य चषकाची अखिल भारतीय स्पर्धा भरते, आणि पंजाबचे, रेल्वेचे, लष्कराचे संघ तेथे उतरतात. मराठवाड्याच्या ज्या भागात खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि अलीकडे क्रिकेट, त्या भागात हिवाळ्याच्या दुपारी शेतकरी आणि विद्यार्थी स्टिकचा आवाज ऐकत मैदानाच्या कडेला बसतात, हे केवळ या एका स्पर्धेमुळे घडले. या मैदानावरील वयस्क प्रेक्षक आजही खेळाडूचा आकडा पाहत नाही. तो विचारतो, ‘सेंटर हाफला कोण आहे?’

हुद्द्यांचा क्रम कसा होता, ते एका यादीवरून स्पष्ट होईल. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ८–१ असा पराभव करणारा संघ असा: रिचर्ड ॲलन, टॅपसेल आणि मोहम्मद हुसेन, निमल, कलन आणि गॅलिबार्डी, शहाबुद्दीन, दारा, ध्यानचंद, रूपसिंह आणि जाफर. प्रथम गोलरक्षक, मग उजवा व डावा बॅक, मग तीन हाफ, मग पाच फॉरवर्ड. प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे. वर्तमानपत्रे संघ याच क्रमाने छापीत, आणि पाठीवर आकडे आले तेही याच क्रमाने आले: गोलरक्षक एक, सेंटर हाफ पाच, सेंटर फॉरवर्ड नऊ, लेफ्ट आउट अकरा. या यादीत चौथ्या जागी जे निमल आहेत, ते मुंबई इलाख्याचे बाबू नरसू निमल. ध्यानचंदांच्या झगमगाटात त्यांचे नाव महाराष्ट्रानेही विसरावे, ही गोष्ट मला फार खेदाची वाटते; कारण दारा आणि शहाबुद्दीन यांच्या मागे उभे राहून त्यांना चेंडू पुरवण्याचे काम त्या दिवशी त्यांच्याकडे होते.

आता एक-एक हुद्दा घेऊ. गोलरक्षकाच्या जागेसाठी पहिला दावा रिचर्ड ॲलन यांचा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही, आणि तीन सुवर्णपदकांच्या संघात ते होते. परंतु ॲलन यांच्या पुढे उभा असलेला संघ इतका प्रबळ होता की, चेंडू त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचे. ज्याच्यापर्यंत चेंडू पोहोचला आणि तरीही जाळ्यात गेला नाही, तो गोलरक्षक म्हणजे शंकर लक्ष्मण. महूच्या छावणीत जन्मलेला हा पुरुष १९४७ साली सैन्यात वाजंत्री पथकात भरती झाला, आणि त्याची पलटण होती मराठा लाइट इन्फन्ट्री. १९५६ साली मेलबर्नला भारताने अडतीस गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. १९६० साली रोमला पाकिस्तानकडून ०–१ अशी हार झाली आणि १९२८ पासूनची अखंड सुवर्णमालिका तुटली. १९६४ साली टोकियोच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचे हल्ल्यामागून हल्ले परतवून मोहिंदरलाल यांच्या एकाच गोलाचे रक्षण करण्यात आले. या तिन्ही अंतिम सामन्यांत गोलपाशी शंकर लक्ष्मणच होते, आणि तेही डोक्याला शिरस्त्राण नसताना, तोंडाला जाळी नसताना. १९६६ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकले. या शूर माणसाचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि २००६ साली पायाच्या गँगरीनने त्यांचा अंत झाला. क्रमांक एक त्यांचाच, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. महाराष्ट्राला या जागेचा अभिमान आणखीही एका कारणाने वाटावा; १९४८ च्या विजयी संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईकडून खेळणारे होते.

बॅकच्या दोन जागांचा निकाल लावणे कठीण नाही, परंतु त्यांच्या कहाण्या वाचून मन विषण्ण होते. पृथीपालसिंह यांना पेनल्टी कॉर्नरचा बादशहा म्हणत. १९६० ते १९६८ या काळातील तीन ऑलिंपिक स्पर्धांत त्यांच्या स्टिकच्या तडाख्याची गोलरक्षकांना धास्ती असे. १९८३ साली लुधियानाच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात त्यांची हत्या झाली. त्यांच्यानंतर आलेले सुरजितसिंह १९७५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध गोल करून गेले, आणि १९८४ च्या जानेवारीत जालंधरजवळ मोटार अपघातात ऐन तारुण्यात वारले. रणधीरसिंह जंटल यांच्या नावावर तीन सुवर्णपदके आहेत, दिलीप तिर्की यांच्या नावावर चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने आहेत, आणि तरीही मी दोन आणि तीन या जागा पृथीपाल आणि सुरजित यांनाच देईन. कारण बॅकचे काम बचावाचे, ही समजूत मोडून त्याला सामन्याचा निर्णय करणारा अधिकार या दोघांनी मिळवून दिला.

चौथी जागा लेस्ली क्लॉडियस यांची. बिलासपूरचा हा अँग्लो-इंडियन तरुण रेल्वेच्या नोकरीत फुटबॉलकडून हॉकीकडे वळला आणि १९४८ पासून १९६० पर्यंत चार ऑलिंपिक खेळला. तीन सुवर्ण, एक रौप्य. तेवढीच पदके उधमसिंह यांनीही मिळवली, आणि त्यांच्यासाठी मी दहावी जागा नाइलाजानेच नाकारतो, कारण तेथे रूपसिंह आहेत. १९३२ साली लॉस अँजेलिसला अमेरिकेचा २४–१ असा पराभव झाला त्या सामन्यात ध्यानचंदांनी आठ गोल केले आणि त्यांच्या या धाकट्या भावाने दहा. रूपसिंह पुढे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या लष्करात होते, आणि त्या मराठी राजधानीच्या शहरातील मैदानाला आजही त्यांचे नाव आहे. मात्र त्या मैदानावर क्रिकेट खेळले जाते.

सेंटर हाफ हा या साऱ्या रचनेचा कणा. पुढील पाच आणि मागील दोन यांच्यामधील सर्व व्यवहार त्याच्या हातून चाले. केव्हा चेंडू राखावयाचा, केव्हा उजवीकडे खेळ फिरवावयाचा, केव्हा स्वतः मागे येऊन भगदाड बुजवावयाचे, याचा हुकूम तो तोंडाने न देता आपल्या हालचालीने देई. जालंधरजवळच्या संसारपूर या खेड्याने डझनाहून अधिक ऑलिंपिक हॉकीपटू दिले, आणि त्या गावच्या अजितपालसिंह यांच्याइतका संथ, निश्चल आणि दूरदर्शी सेंटर हाफ भारताला लाभलेला नाही. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला २–१ असे हरवले आणि आजवरचा आपला एकमेव विश्वचषक जिंकला. उपान्त्य सामन्यात मलेशियाविरुद्ध अखेरच्या मिनिटांत बदली खेळाडू म्हणून आलेल्या अस्लम शेरखान यांनी बरोबरी साधली नसती तर तो दिवस उगवलाच नसता. अंतिम सामन्यातील निर्णायक गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांचा होता, आणि जसदेवसिंहांचा आवाज रेडिओवरून ते सारे वर्णन खेडोपाडी पोहोचवीत होता. सहाव्या जागेसाठी मी केशव दत्त यांचे नाव घेतो आणि पुढे जातो.

सातवी जागा किशनलाल यांना. तेही महूचेच, आणि १९४८ च्या संघाचे कर्णधार. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर भारताने ब्रिटनचा ४–० असा पराभव केला, तेव्हा स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज त्याच्या पूर्वीच्या सत्ताधीशांच्या राजधानीत उंचावला. परंतु त्याच दिवशी अर्धापूर, नांदेड आणि अवघा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, आणि आमच्या वडीलधाऱ्यांना तो ध्वज आपला म्हणण्यासाठी १७ सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणून त्या संघाविषयी मला इतरांहून थोडे अधिक ममत्व वाटते, हे मी लपवीत नाही. आठव्या जागेवर कुंवर दिग्विजयसिंह ‘बाबू’. त्यांच्या आणि अशोककुमारांच्या ड्रिबलमध्ये कोणाचे अधिक सुंदर, हा प्रश्न मी मोकळाच ठेवतो, परंतु बाबूंनी १९५२ साली कर्णधारपदाचा भारही वाहिला. अकराव्या जागेवर झफर इक्बाल.

राहिला नऊ. ध्यानचंद ही एवढी मोठी वस्तू आहे की तिच्याशी कोणाची तुलना करू लागताच लोक कानांवर हात ठेवतात. परंतु वाद करायचा तर प्रामाणिकपणे करावा. बलबीरसिंह यांनी १९४८ साली ऑलिंपिकमधील आपल्या पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनावर सहा गोल केले. १९५२ च्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध भारताच्या सहांपैकी पाच गोल त्यांचे, आणि तो विक्रम अद्याप अबाधित आहे. १९५६ साली पहिल्याच सामन्यात बोट मोडले असताना त्यांनी कर्णधार म्हणून सुवर्ण आणले. आणि १९७५ च्या विजयी संघाचे व्यवस्थापकही तेच. गोल करणे हेच सेंटर फॉरवर्डचे कर्तव्य मानले, तर हा दावा फेटाळण्यास मोठे कारण द्यावे लागेल. ते कारण माझ्यापाशी आहे. बलबीर यांनी हुद्द्याचे काम पराकोटीस नेले; ध्यानचंदांनी हुद्द्याचा अर्थच बदलला. चेंडू घेऊन थांबणे, प्रतिस्पर्ध्यांना आपल्याकडे ओढणे आणि मग मोकळ्या झालेल्या सहकाऱ्यास गोल करू देणे, ही सेंटर फॉरवर्डची कला त्यांच्यापासून सुरू झाली. लॉस अँजेलिसला धाकट्या भावाने दहा केले आणि थोरल्याने आठ, यातच तिची साक्ष आहे.

ही अकरा हुद्द्यांची व्यवस्था मोडली, ती कोणा एका हुकुमाने नव्हे. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर झाली आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. त्या सपाट, वेगवान पृष्ठभागावर मनगटाच्या कौशल्यापेक्षा दमसास आणि धाव यांचे मोल वाढले. १९९२ च्या सुमारास खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा आली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइडचा नियमच रद्द झाला. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक ही रचना ज्या नियमांच्या आधारावर उभी होती ते आधारच निघून गेल्यावर राइट इन आणि लेफ्ट इन हे शब्द वृद्धांच्या बोलण्यात तेवढे उरले. बाकावर बसणारे आणि मैदानावर असणारे यांत भेद राहिला नाही, म्हणून अकरा आकडे पुरेनात. आणि जागेपासून सुटलेला आकडा हळूहळू व्यक्तीला चिकटला. मनप्रीतसिंह म्हणजे सात, हरमनप्रीतसिंह म्हणजे तेरा, रूपिंदरपालसिंह म्हणजे तीन, हे आजच्या मुलांना पाठ असते.

या परिवर्तनाची कायम नोंद झाली ती १४ ऑगस्ट २०२४ रोजी. टोकियो आणि पॅरिस या लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके मिळवून देणारे गोलरक्षक पी. आर. श्रीजेश निवृत्त होताच हॉकी इंडियाने सोळा हा क्रमांक पुरुषांच्या वरिष्ठ संघातून उठवला. त्याच वर्षी महिला संघातील राणी रामपाल यांचा अठ्ठावीसही उठवण्यात आला. गोलरक्षकाचा परंपरागत आकडा एक; परंतु श्रीजेश यांनी तो मिरवला नाही, आणि एका निःसंबंध आकड्याला स्वतःच्या पराक्रमाने अर्थ दिला. शंकर लक्ष्मण यांना मी एक ही जागा दिली, ती श्रीजेश यांना उणे लेखून नव्हे. त्या दोघांत स्पर्धाच नाही, कारण एकाने हुद्दा भूषवला आणि दुसऱ्याने नवा निर्माण केला.

या दोन युगांच्या मधोमध धनराज पिल्ले उभे आहेत. पुण्याजवळच्या खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, तुटक्या स्टिकने खेळायला शिकलेला हा तमिळ कुटुंबातील महाराष्ट्रीय मुलगा चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. शंकर लक्ष्मण यांच्यानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी, १९९८ साली बँकॉकला, भारताने आशियाई सुवर्ण जिंकले तेव्हा कर्णधार तेच होते. त्यांना माझ्या अकरांत स्थान नाही, आणि ही उणीव त्यांची नसून यादीची आहे. कधी उजवीकडून, कधी मधून, कधी मागे येऊन चेंडू हिसकावून धावणाऱ्या या माणसाला कोणत्या एका हुद्द्यावर बसवावे? ज्या काळात हुद्दे विरघळत होते आणि आकड्यांना अद्याप प्रतिष्ठा आली नव्हती, त्या काळात ते खेळले. म्हणून दोन्ही प्रकारच्या वादांतून त्यांचे नाव निसटते, आणि महाराष्ट्राने तरी ते निसटू देऊ नये.

मराठी घरांचा आणि या खेळाचा संबंध पाहावयाचा तर झाशीकडेही दृष्टी टाकावी लागते. नेवाळकरांच्या राजवटीपासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली. ध्यानचंद त्याच गावात वाढले, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेले तुषार खांडेकरही त्याच गावचे. खडकी, महू, झाशी, सिकंदराबाद ही सारी छावण्यांची गावे. लष्कराबरोबर हॉकी आली, आणि छावणीच्या कुंपणापलीकडच्या मुलांनी ती उचलली. नांदेडला तिला छावणीची गरज पडली नाही. तेथे ती गुरुद्वाराच्या सावलीत रुजली, आणि माझ्या मते आपल्या देशातील हॉकीच्या इतिहासातील हे एक वेगळे, स्वतंत्रपणे अभ्यासावे असे प्रकरण आहे.

स्त्रियांच्या हॉकीची अशी अकरा हुद्द्यांची यादी अद्याप कोणी गांभीर्याने मांडलेली नाही. १९८० साली मॉस्कोला स्त्रियांची ऑलिंपिक हॉकी प्रथम खेळली गेली तेव्हा भारताच्या संघात पुण्याच्या रेखा मुंडफन होत्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधार एलायझा नेल्सन, त्याही पुण्याच्याच. आणि आज सातारा जिल्ह्यातील फलटणच्या वैष्णवी फाळके भारतासाठी खेळतात. पुरुषांच्या सामन्यांचे जसे जागावार वृत्तान्त छापले गेले तसे स्त्रियांच्या सामन्यांचे छापले गेले नाहीत; कोण कोठे खेळे, कोणाच्या पासवर गोल झाला, ही माहिती त्या खेळाडूंच्या आणि त्यांच्या सोबतिणींच्या आठवणीत आहे. त्यांतील पुष्कळ जणी आज आपल्यात आहेत, पुण्या-मुंबईस जाऊन त्यांना विचारता येते, आणि ती यादी मांडायला बसेन तेव्हा पहिले नाव मी एलायझा नेल्सन यांचे लिहीन.